रबर फिरत नाही, पिळतं!

मित्रहो, ऑटोमोबाईलच्या पेपरात सस्पेन्शनचा प्रश्न आला की आपण स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची झकास आकृती काढतो. लोअर आर्म बॉडीला जोडलेला असतो तिथे मात्र नुसता एक छोटा गोल काढून पुढे जातो. तो गोल म्हणजे बुश. आतबाहेर स्टीलच्या दोन नळ्या आणि मध्ये चिकटवलेलं रबर, एवढाच त्याचा जीव. पण गाडी सरळ थांबणार की नाही, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपमधल्या एकाकडे जुनी एस्टीम आहे. मारुतीने ही गाडी १९९४ मध्ये आणली आणि २००७ मध्ये बंद केली. भारतीय रॅलींमध्ये ती एकेकाळी हमखास दिसायची. आमची एस्टीम रविवारी ऑटोक्रॉसला जाते, म्हणजे मोकळ्या मातीच्या मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत. सोमवारी तीच गाडी आम्हा चौघांना घेऊन भोसरीहून नाशिक रस्त्याने चाकणच्या ट्रकांमधून वाट काढते. त्यामुळे बुशचा प्रश्न फक्त सेकंदांचा नव्हता.

लक्षणं अशी होती: ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, खड्ड्यात 'ठक्' आवाज यायचा. अलाइनमेंटच्या मशीनवर मात्र सगळे आकडे बरोबर! कारण साधं आहे. मशीन मोजतं उभी गाडी, आणि झिजलेला बुश हलतो तो जोर आल्यावर.

थोडं गणित करू. समजा, स्ट्रटचा वरचा माउंट आणि खालचा बॉल जॉइंट यांच्यात ६०० मि.मी. अंतर आहे. ब्रेक मारल्यावर मऊ पडलेल्या बुशमुळे बॉल जॉइंट ५ मि.मी. मागे सरकला. ५ भागिले ६०० म्हणजे ०.००८३ रेडियन, जवळजवळ अर्धा अंश. कॅस्टर तेवढा कमी झाला, शिवाय टो बदलला तो वेगळाच. एकाच बाजूला असं झालं तर गाडी ओढणारच.

खात्री करायला गाडी जॅक स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही!). आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी घालून हलवा. रबराला भेगा दिसल्या किंवा ते नळीपासून सुटलेलं दिसलं, तर बुश गेला समजा. बदलायचे ते दोन्ही बाजूंचे, जोडीनेच.

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही हे काम केलं. क्रम असा:

१. चाक काढा, बॉल जॉइंट सोडवा, बोल्ट काढून आर्म खाली घ्या.

२. जुना बुश कसा बसलाय, त्याच्या खाचा कोणत्या दिशेला आहेत, याची आर्मवर खूण करा.

३. हातोड्याने ठोकू नका. हायड्रॉलिक प्रेसवर आर्मला खालून नीट आधार द्या आणि बाहेरच्या नळीच्या मापाचा तुकडा लावून बुश दाबा. जोर रबरावर येता कामा नये.

४. बसताना त्रास झाला तर साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

५. आर्म जागेवर लावा, पण बुशचे बोल्ट फक्त हाताने घट्ट करा.

इथे आमच्यातल्या एकाने लगेच मोठा पाना उचलला. प्रेसवाले काका म्हणाले, "थांब रे पोरा! रबर फिरत नाही, पिळतं. आधी गाडी खाली घे."

या एका वाक्यात सगळा धडा आहे. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पक्की होते. चाक लोंबकळत असताना, आर्म समजा १५ अंश खाली असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम १५ अंश पिळलेलं राहणार. नवा बुश मग लवकरच फाटतो. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, पिटमध्ये उतरून, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आम्ही बोल्ट आवळले.

पॉलियुरेथेनचे कडक बुश का नाही टाकले? ते कमी दबतात, त्यामुळे वळणात गाडी नेमकी वागते हे खरं. पण त्यांत आतली नळी फिरते, म्हणून सिलिकॉन ग्रीस लागतं. मातीच्या ट्रॅकवर तिथे रेती शिरते आणि कुरकुर सुरू होते. रस्त्याचा प्रत्येक धक्काही बॉडीत पोचतो. शिवाय काही गटांत मूळ पार्ट बदलायला परवानगी नसते, तेव्हा आधी स्पर्धेचे नियम वाचा. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी आम्ही रबरच निवडलं.

शेवटी अलाइनमेंट करून घ्या, आणि पहिल्या शर्यतीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. आमची एस्टीम आता ब्रेकवर सरळ थांबते. इंजिनची ताकद वाढवण्याचे बेत हॉस्टेलमध्ये रोज रात्री रंगतात. पण मित्रहो, गाडी पळवायच्या आधी ती सरळ थांबते का, तेवढं बघा!