चैत्रातील शिवारफेरी : ओढ्याकाठचा एक सुलभ पाठ

शेतकऱ्यास फिरावयास जा असे सांगणे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. जो पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत रानात राबतो, त्याने आणखी निराळे फिरणे ते कसले? परंतु कामासाठी रानात जाणे वेगळे आणि रान पाहण्यासाठी जाणे वेगळे. कामाच्या घाईत मनुष्यास आपल्या चार सऱ्या दिसतात. पाणी कोठून येते आणि माती कोठे जाते, हे दिसत नाही. आम्ही महसूल खात्यात पुष्कळ वर्षे कारकुनी केली. शेकडो नंबरांचे क्षेत्र, आकार व पोटखराबा लिहून काढला. परंतु स्वतःच्या शिवारातील ओढा डोळे उघडून पाहिला तो नुकसान सोसल्यानंतरच. ते नुकसान कोणते, ते पुढे ओघाने येईलच.

अशा फेरीस चैत्र महिन्यासारखा दुसरा महिना नाही. शाळू व हरभरा घरी आलेला असतो, त्यामुळे जमीन उघडी दिसते. ओढ्याचे पाणी ओसरल्यामुळे त्याचा तळ व काठ स्पष्ट दिसतात. झाडांस नवी पालवी व फूल असल्यामुळे ती ओळखण्यास सोपी जातात. आमची फेरी पुरंदर तालुक्यातील, कऱ्हेस मिळणाऱ्या एका लहान ओढ्याच्या काठची आहे. अंतर जाऊन येऊन सुमारे तीन किलोमीटर, वाट सपाट, मुलांनी व वृद्धांनीही सहज चालावी अशी. सूर्योदयास निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी परत यावे. सोबत एक काठी, एक दोरी आणि गावच्या नकाशाची एक प्रत असावी.

पावलांचा हिशेब

गावठाणातून निघून पाणंदीस लागताच पहिला पाठ सुरू करावा. सन १८३५-३६ च्या सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या हातून जमिनीची जी नवी मोजणी व आकारणी सुरू झाली, तिच्यापासून पुढे मुंबई इलाख्यात साखळी चालली ती ३३ फुटांची. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद इतकी जागा, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा; आणि ४० गुंठ्यांचा एकर. आता उताऱ्यावर हेक्टर व आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात गुंठ्याहून किंचित कमी. साधारण उंचीच्या मनुष्याचे पाऊल अडीच फुटांचे धरले, तर १३ पावले म्हणजे जवळजवळ एक साखळी होय. बांधाच्या कडेने चालत मुलांस पावले मोजावयास लावावीत व नकाशावरील मापाशी ताडून पाहावे. ज्यास आपल्या शेताची लांबी पावलांनी ठाऊक आहे, त्याचा बांध कोणी सहसा सरकवीत नाही. वाटेत हद्दीचे दगड दिसतील ते जागेवर आहेत की नाहीत, हेही पाहावे. ते नीट राखण्याची जबाबदारी धारण करणाऱ्याचीच आहे.

मातीचा उतार

पाणंद जसजशी ओढ्याकडे उतरते, तसतसा जमिनीचा रंग बदलतो. वर टेकाडाजवळ तांबूस करडी, मुरमाड, हलकी जमीन. तिच्या खाली मध्यम. आणि ओढ्यालगत काळी, भारी. ही काळी माती फार करून वरूनच आली आहे. शाळूच्या धसकटांमधून पडलेल्या भेगांत काठी घालून पाहावी. कोठे वीत, कोठे हातभर आत जाते. भेगा पडणे हा अशा जमिनीचा धर्म आहे. ती भिजली की फुगते व वाळली की आक्रसते. मात्र सखल रानात पांढरट पापुद्रा दिसू लागल्यास सावध व्हावे. पाणी अधिक आणि निचरा कमी, असे ते चिन्ह होय.

वाटेत अंजिराची बाग लागते. मीठा बहाराची फळे याच दिवसांत उतरू लागतात. तांबट पक्ष्याचा ठकठक असा एकसुरी आवाज येथे नेहमी ऐकू येतो. नांगरटीच्या रानात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर तिची अंडी जवळच उघड्या जमिनीवर आहेत असे समजून पाऊल जपून टाकावे.

ओढ्यातील पाणी

ओढ्यावर पोहोचल्यावर प्रथम हा प्रश्न विचारावा की, पाऊस जाऊन इतके महिने झाले, तरी हे पाणी आले कोठून? ते पावसाचेच, परंतु जमिनीच्या पोटातून आलेले. पावसाळ्यात जे पाणी मातीत व मुरमात मुरले, ते खालच्या कठीण पाषाणावर अडून हळूहळू ओढ्याकडे पाझरते. काठच्या विहिरींचे पाणी आणि ओढ्याचे पाणी ही एकाच भांड्यातील होत. विहिरी व विंधनविहिरी यांचा उपसा वाढला की ओढा आधी आटतो.

पाण्याचे माप घेणे कठीण नाही. सरळ वाहणारा दहा फूट भाग निवडावा व त्यात वाळके पान सोडावे. समजा, पान २० सेकंदांत दहा फूट गेले. म्हणजे वेग सेकंदास अर्धा फूट. प्रवाहाची रुंदी २ फूट व सरासरी खोली ३ इंच असल्यास छेद अर्धा चौरस फूट झाला. वेगास छेदाने गुणिले असता पाव घनफूट येते. परंतु तळाशी पाणी संथ चालते म्हणून त्याचे आठ-दशांश धरावेत. म्हणजे सेकंदास ०.२ घनफूट, अथवा सुमारे साडेपाच लिटर. एवढीशी धार दिवसाच्या २४ तासांत सुमारे ४ लाख ९० हजार लिटर पाणी नेते! एका एकरास दोन इंच पाणी द्यावयाचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. ज्यास आपण करंगळीएवढा ओढा म्हणतो, त्याचे मोल यावरून ध्यानात यावे.

थडीची कथा

आता आमच्या नुकसानीची गोष्ट. ओढा जेथे वळण घेतो, तेथे बाहेरच्या अंगास पाण्याचा मारा बसून काठ तुटतो आणि आतल्या अंगास वाळू व गाळ साचतो. हे शाळेतील मुलासही शिकविता येते. परंतु आम्हांस लोभाने सुचले नाही. आमची जमीन वळणाच्या बाहेरच्या अंगास. थडीवर करंज, निर्गुडी व लव्हाळ्याची दाट जाळी होती. सन २०१८ साली ती काढून आम्ही २०० फूट लांब व ११ फूट रुंद पट्टी नांगराखाली आणिली. क्षेत्र वाढले दोन गुंठे. पुढील वर्षी, सन २०१९ च्या सप्टेंबरात कऱ्हेच्या खोऱ्यात मोठा पूर आला. सकाळी जाऊन पाहतो तो ती पट्टी तर नव्हतीच, शिवाय आतली चांगली काळी जमीनही तुटून गेली होती. मोजले ते पाच गुंठे. शेजाऱ्याने आपली जाळी राखिली होती. त्याचा काठ जागेवर होता. आम्ही जन्मभर पोटखराबा हा शब्द लिहीत आलो, पण ज्यास कागदावर खराब म्हणतात तेच शेताचे कुंपण असते, हे आम्हांस त्या सकाळी समजले.

कायद्याचीही एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० अन्वये नद्या, ओढे व नाले, ज्यांवर दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नाही, ते शासनाचे आहेत. नाला बुजवून अगर वळवून शेत वाढविणे हे शेजाऱ्यास व अखेर स्वतःस अपायकारक आहे.

फेरीअंती

परत येताना वाचकांनी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : ओढ्याची धार किती, काठ कोठे तुटला आहे, आणि थडीवर कोणती झाडे आहेत. दरवर्षी पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी हीच फेरी करून ही टिपणे मिळवून पाहावीत. जेथे काठ उघडा पडला असेल तेथे वळिवापूर्वी खड्डे तयार ठेवावेत व मृगानंतर निर्गुडी, करंज व वाळा लावावा. प्रवाहाच्या मध्यात मात्र काही लावू नये. आम्ही तुटलेल्या काठावर निर्गुडी लाविली आहे. गेलेले पाच गुंठे ती परत आणणार नाही. पण यंदाच्या फेरीत तिच्या मुळांशी हातभर नवा गाळ अडलेला आम्हांस दिसला. सोबतच्या नातवाने तो काठीने मोजला आणि आपल्या वहीत लिहून घेतला.