सम शोधू नकोस

चि. चिमणीस,


तू पाठवलेला टँगोच्या प्रॅक्टिसचा व्हिडिओ पाहिला. पाऊल स्वच्छ पडतंय, पाठ सरळ आहे, नजर उगाच जमिनीकडे जात नाही. कथकची इतकी वर्षं कामी आली. पण व्हिडिओपेक्षा त्याखालची तुझी तक्रार मला जास्त आवडली. ‘मावशी, मला गाणं नीट ऐकू येतं, पण नेणारा भलतंच काहीतरी करतो. मग मी माझं गाणं नाचायचं कधी?’ ब्यूनस आयर्सला पोचून बॅग पुरती रिकामी झाली नसेल, तोवर हा प्रश्न पडला हे चांगलं लक्षण. पुष्कळांना तो कधी पडतच नाही. ते नवनव्या आकृत्या गोळा करत बसतात.

आधी तुझी सवय बघू. तू समेची वाट बघतेस. दर आठव्या ठोक्याला कुठेतरी पोचतेस आणि पोचल्याचं दाखवतेस. आपल्याकडे ते बरोबरच, कारण आवर्तन फिरून तिथेच येतं आणि समोर बसलेल्यालाही ते कळायला हवं असतं. टँगोत आवर्तन नाही. साधारण आठ-आठ ठोक्यांची वाक्यं असतात, त्या वाक्यांचे परिच्छेद होतात, आणि बहुतेक गाणी पाचेक परिच्छेदांत संपतात. एकदा गेलेलं वाक्य गेलं. शिवाय मिलोंगात, म्हणजे लोक टँगो नाचायला जमतात तिथे, समोर बसून दाद देणारं कुणी नसतं. तिथे तुझा श्रोता एकच, तुला मिठीत घेऊन चाललेला माणूस. त्याला तू दिसत नाहीस, फक्त जाणवतेस. तेव्हा जे काही म्हणायचं ते त्याला जाणवेल अशा बेताने म्हण.

गाणं वाचायचं कसं, तर आधी घरी बसून. मिलोंगात आजही मुख्यतः १९३५ ते १९५५ या काळातल्या तबकड्यांवरच नाचतात. प्रत्येक गाणं अडीच-तीन मिनिटांचं, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. दि सार्लीच्या वाद्यवृंदाचं ‘बाहिया ब्लांका’ लाव. पहिल्यांदा फक्त डबल बास ऐक, मग फक्त व्हायोलिनं, मग फक्त पियानो. दि सार्ली स्वतः पियानोवर असे. व्हायोलिनं लांब श्वासाची ओळ ओढत असतात आणि एक वाक्य संपून दुसरं सुरू होण्याच्या फटीत त्याचा डावा हात खालच्या पट्टीत दोन-चार सूर टाकून जातो. व्हायोलिनवर चालणारे दोघे आणि त्या डाव्या हातावर चालणारे दोघे एकाच गाण्यावर दोन वेगळे नाच नाचतात, आणि दोन्ही खरे. बँडोनियनकडेही कान दे. आपल्या आजोबांची पेटी आणि हे वाद्य एकाच कुळातली, भात्याच्या हवेवर थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांची. दोन्ही युरोपातून निघाली आणि परक्या देशात जाऊन तिथल्या गाण्याची झाली. बँडोनियनला ७१ बटणं, आणि बहुतेक बटणं भाता उघडताना एक सूर देतात, मिटताना दुसरा. वादक बराचसा वेळ भाता उघडत वाजवतो आणि मग झटकन मिटून घेतो. तो मिटण्याचा क्षण ओळखायला लाग. गाणं कुठे श्वास घेतं ते कळेल.

प्रत्येक वाद्यवृंदाची मागणी वेगळी. दारियेन्सो ठोका असा तोडून देतो की पाय आपोआप उचलतात. १९३५च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्याच्याकडे पियानोला आला आणि वाक्यांमधल्या रिकाम्या जागा खट्याळ सुरांनी भरू लागला; त्या जागा माहीत असल्या की थांबायचं कुठे हेही कळतं. पुग्लिएसे दुसऱ्या टोकाला. १९४६ साली ध्वनिमुद्रित झालेलं त्याचं ‘ला युंबा’ ऐक: एक ठोका जमिनीत रुतणारा, पुढचा जवळजवळ नाहीसा, आणि लय रबरासारखी ताणलेली. तिथे दर ठोक्याला पाऊल टाकणारी जोडी मला घाईत असलेल्या पोस्टमनसारखी दिसते. पुग्लिएसेचा अर्धा नाच उभं राहण्यात आहे. आणि उभं राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. वजन एका पायावर, दुसरा मोकळा, दोघांचा श्वास चालू आणि पुढच्या पावलाची कुणालाच घाई नाही. हे जमायला वेळ लागतो, लागू दे.

आता तुझा मूळ प्रश्न. नेणाऱ्याने व्हायोलिन पकडलं आणि तुला पियानो ऐकू येतोय, तर काय करायचं? आजोबा पेटीवर साथ करायचे ते आठव. गवयाच्या केसभर मागे राहून ते त्याची जागा उचलायचे, तो थांबला की सूर धरून ठेवायचे, आणि गवई मोठा असला तर तोही त्यांच्या हाताकडे कान ठेवून पुढची तान घ्यायचा. टँगोत फरक इतकाच की गवई कोण आणि साथीदार कोण हे एकाच गाण्यात अनेकदा बदलतं. तो पाऊल सुचवतो. ते किती वेळात टाकायचं, जमीन पायाने कशी शोधायची, वजन एकदम ठेवायचं की ओतत न्यायचं, हे तुझ्या हातात. तू मागे जाणारा पाय अर्धा ठोका लांबवलास, तर ज्याला ऐकता येतं तो तुझ्यासाठी थांबेल आणि तुझ्याबरोबरच पोचेल. तुला ऐकू आलेला पियानो त्याला असाच ऐकू येतो, तुझ्या पायातून. ज्याला थांबता येत नाही त्याच्याशी भांडू नकोस. त्याच्या लयीत साधं, सुबक चाल. तांदा, म्हणजे एका जोडीने नाचायची सलग गाणी, संपेलच.

पायाची नक्षी मात्र जपून. तुझा मोकळा पाय जमिनीवर काय रेखाटतो ते तुझं. पण त्या नक्षीचा हिसका छातीपर्यंत पोचला, तर त्याला वाटतं तुला काहीतरी सांगायचंय, आणि त्याचं वाक्य तुटतं. व्हिडिओत हे दिसलं. हात सैल सोडू नकोस आणि आवळूही नकोस. त्याच्या पाठीवरचा तुझा हात ही पकड नव्हे. तोल तुझा तुझ्याच पायावर हवा, तरच त्याच्या छातीतून येणारी सूचना ऐकू येईल. लटकलेल्या माणसाला फक्त ओझं कळतं.

आजीने फोनवर विचारलं, ‘परक्या पुरुषाच्या इतक्या जवळ?’ मी तिला सांगितलं की तिथे सत्तरीतले आजोबा आणि पंचविशीतली मुलगी डोळे मिटून नाचतात आणि संपल्यावर तो तिला तिच्या टेबलापाशी सोडून येतो, इतकंच. तिला पटलं नाही. पण तू हे ध्यानात ठेव: मिठी किती जवळची, हे तू ठरवतेस. अंगाला न पटणाऱ्या मिठीत गाणं ऐकू येत नाही. तांदा अर्धवट सोडायचा असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये ‘ग्रासियास’ म्हणायचं. अर्थ सगळ्यांना कळतो. म्हणूनच नुसत्या सौजन्यापोटी तो शब्द मधेच उच्चारू नकोस, समोरचा बिचारा निघून जाईल.

आणखी एक. तिथल्या जागतिक स्पर्धेत ‘पिस्ता’ गटात गाणं सुरू असताना जोडीला एकमेकांपासून सुटं होता येत नाही. उंच लाथा, उचलणं वगैरे ‘एसेनारियो’ गटाचं, रंगमंचाचं काम. यूट्यूबवर तुला बहुतेक तेच दिसतं. बघ जरूर, पण मिलोंगात नेऊ नकोस. मागून येणाऱ्या बाईच्या पोटरीला टाच लागेल. अख्खी रांग घड्याळाच्या उलट दिशेने सरकत असते आणि पुढच्या जोडीचा थांबाही तुमच्या गाण्याचा भाग होतो.

जमलं तर थोडं नेणंही शीक. तिथल्या जुन्या पिढीतले कित्येक पुरुष आधी दुसऱ्या पुरुषांबरोबर, मागे चालणाऱ्याची बाजू शिकले आणि मग बायकांना विचारायच्या लायकीचे झाले. तुला उलट्या बाजूने यायचंय. एकदा स्वतः गाणं निवडून दुसऱ्या कुणाला त्यातून चालवायचा प्रयत्न केलास, की नेणाऱ्यांवरचा तुझा राग निम्मा उतरेल आणि उरलेला अधिक नेमका होईल.

गाणं सुरू झालं की जोडीदारासाठी नजर फिरवायच्या आधी वाद्यवृंद ओळखायचा. अनोळखी माणसाबरोबर पहिला तांदा दि सार्लीचा घे, आणि पुग्लिएसे लागला तर जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर आधी नाचली आहेस त्यांच्याकडेच बघ. कुणी न मिळालं तर बसून ऐक. तिथे बसणाऱ्या बाईकडे कुणी दयेने बघत नाही. बुटांना चामड्याचा तळ लावून घेतलास का, ते कळव. आईला दोन दिवसांआड फोन कर, ती मला विचारत बसते.

तुझी,
मावशी