पुण्यात खोली बघताना

मुलगी बारावी पास झाली. पुण्याच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. आता राहायचे कोठे?

आपण गावात सांगतो, “पोर पुणे विद्यापीठात शिकते.” विद्यापीठ १९४९ साली निघाले. त्याचे आवार गणेशखिंडीत आहे. पण त्याला जोडलेली कॉलेजे शहरभर पसरलेली आहेत. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने विद्यापीठ जवळ म्हणून औंधात खोली घेतली. दोन महिन्यांचे भाडे अनामत भरले. आणि मुलीचे कॉलेज निघाले टिळक रस्त्यावर, स. प. कॉलेज! रोज जाऊन-येऊन पोरीचे दोन तास बसमध्ये जात. तेव्हा आधी वर्ग कोठे भरतो ते विचारू, मग खोली बघू.

नदीकाठी खोली स्वस्त मिळाली, तर लगेच हुरळून जायचे नाही. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, ते शेजाऱ्यांना विचारायचे. मालक सांगेलच असे नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पेठांत पाणी शिरले. ती गोष्ट जुनी झाली म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी गेले.

कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आता आपल्याला वाचता येते. अनामत किती, परत कधी मिळणार, हे करारात शोधा. नसेल तर लिहून घ्या. पावती मागा.

आणि संध्याकाळी सातला कॉलेजापासून खोलीपर्यंत मुलीबरोबर एकदा पायी चाला. दिवे कोठे नाहीत, ते तिला तुमच्याआधी दिसेल.