राजाबाई टॉवरच्या आवारात चर्च होतं का?

प्रश्न : मुलीच्या कामासाठी मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात गेलो होतो. तिथलं दीक्षान्त सभागृह मला थेट चर्चच वाटलं. आधी तिथे चर्च होतं का? आणि आंधळ्या आईला वेळ कळावी म्हणून शेटजींनी राजाबाई टॉवर बांधला, हे खरं का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : चर्च नव्हतं, पण तुमची नजर चुकलेली नाही. दोन्ही इमारतींचे आराखडे काढणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा चर्चवाला माणूस. पाद्र्याचा मुलगा. इंग्लंडमधल्या शेकडो चर्चेसचं बांधकाम किंवा दुरुस्ती त्याच्या हातून झाली. जर्मनीत हॅम्बुर्गला त्याने बांधलेल्या सेंट निकोलाय चर्चचा 147 मीटरचा मनोरा 1874 ते 1876 या काळात जगातली सर्वांत उंच इमारत होता.

गंमत पुढेच आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्याला चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा स्कॉटचाही आराखडा आला होता. खर्च झेपणार नाही म्हणून तो बाजूला पडला आणि काम हेन्री कॉनीबेअरकडे गेलं. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारा इंजिनिअर तो हाच. ते अफगाण चर्च 1858 मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. म्हणजे स्कॉटचं चर्च मुंबईने नाकारलं आणि पुढे विद्यापीठ मात्र त्याच्याकडूनच, चर्चच्या थाटात, करून घेतलं! त्याला स्वतःला यात काही वावगं वाटलं नसतं. टोकदार कमानींची गॉथिक शैली कचेऱ्यांना आणि घरांनाही शोभते, हे पटवायला त्याने 1857 मध्ये पुस्तकच लिहिलं होतं.

सभागृह 1874 मध्ये पुरं झालं. त्याचं एक टोक अर्धगोल आहे. चर्चमध्ये वेदी असते तिथे इथे व्यासपीठ. समोरच्या टोकाला चाकासारखी गोल खिडकी, रंगीत काचांची. चर्चमध्ये अशा काचांवर संत असतात, इथे मेष-वृषभापासून बाराही राशी आहेत. पदवी घेताना समोर आपली रास दिसावी, ही सोय मला फार आवडते.

अर्धगोल टोक ही काही विलायतेची मिरास नव्हे. तुमच्या जिल्ह्यातच तेरला जा. त्रिविक्रमाच्या मंदिराचा विटांचा जुना भाग मागून पाहा; भिंत वळत जाते आणि वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं गोल उतरतं. मुळात ते बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात.

स्कॉट मुंबईत एकदाही आला नाही. कागद लंडनहून यायचे, दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा, हात इथले. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत, राजपूत, पारशी वगैरे, आपापल्या वेशात. त्यांचे नमुने केले सहायक अभियंता रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, पण बघाच. टॉवर नोव्हेंबर 1878 मध्ये पुरा झाला. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता.

आता शेटजी. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये, कापसाच्या तेजीत, ग्रंथालयाला दोन लाख आणि टॉवरला दोन लाख रुपये दिले. टॉवरला आईचं नाव द्यावं ही इच्छा. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि तेही बुडाले. आई अंध, जैन, सूर्यास्ताआधी जेवणारी, म्हणून घंटा हवी, असं सांगतात. पण शेटजींचा बंगला भायखळ्याला, टॉवरपासून चार-पाच किलोमीटर. शिवाय पैसे दिले 1864 मध्ये आणि टॉवर उभा राहायला चौदा वर्षं लागली. तोवर मातोश्रींच्या जेवणाची वेळ घरातलंच कुणीतरी सांगत असणार.