लेकाच्या नावाने : ट्रस्ट काढू की ठेव ठेवू?

प्रश्न : आम्ही वरवे बुद्रुकचे. मुलगा शिरवळला कारखान्यात कामाला होता. तीन वर्षांपूर्वी रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी येताना हायवेला अपघातात गेला. वय २१, लग्न झालेलं नव्हतं. मुलीचं लग्न झालं आहे. त्याच्या बँकेतल्या ठेवीला नॉमिनी म्हणून ह्यांचं नाव आहे. अपघाताची भरपाईही मंजूर झाली. यातले पाच लाख त्याच्या नावाने चांगल्या कामाला लावायचे आहेत. हे म्हणतात, ट्रस्ट काढू आणि वडिलोपार्जित शेतातले दोन गुंठे अभ्यासिकेला देऊ. भावकी म्हणते, अपघात झाला तिथेच स्मारक बांधा. मला वाटतं, पैसे देऊन मोकळं होण्यापेक्षा रोज त्याच्यासाठी काहीतरी हातून घडावं. कायद्याने काय बरोबर?
— एक आई, वरवे बुद्रुक

उत्तर : ताई, दानाकडे वळण्याआधी पैसा कुणाचा ते पाहू, कारण इथे बहुतेक घरांत गैरसमज असतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीची पहिली वारस आई. वडील दुसऱ्या वर्गात येतात. आई असताना त्यांना वाटा नाही. (अविवाहित मुलगी गेली तर मात्र आई-वडील बरोबरीचे वारस.) ठेवीला यजमानांचं नाव नॉमिनी म्हणून असलं, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेने पैसे त्यांच्या हातात दिले, तरी ते वारसाचेच राहतात. ‘कालनिर्णय’कार साळगावकरांच्या कुटुंबातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. आयुर्विम्याचं वेगळं आहे : २०१५च्या दुरुस्तीनंतर आई, वडील, पत्नी किंवा मुलं नॉमिनी असली, तर विम्याची रक्कम त्यांच्याच मालकीची होते. भरपाईचे पैसे निकालात ज्याला जितके दिलेत, तितके त्याचे. मात्र न्यायाधिकरणाने त्यातली काही रक्कम मुदत ठेवीत अडकवली असेल, तर ती परवानगीशिवाय मुदतीआधी मोडता येत नाही. ठेवीतून दान करायचं, तर कागदावर सही तुमची हवी.

अजून एक. मुलाचा पीएफ कापला जात असेल, तर त्याला जोडलेला ‘ईडीएलआय’ विमा मिळाला का? नोकरीत असताना मृत्यू झाल्यास त्यात कमाल सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. कामगार त्यासाठी वेगळा हप्ता भरत नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. पीएफ निघाला आणि हा विमा राहून गेला, असं खूपदा घडतं. कारखान्यात चौकशी करा.

आता ट्रस्ट. पाच लाखांसाठी स्वतंत्र ट्रस्ट काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, करसवलतीसाठी आयकर खात्याकडे आणखी नोंदणी. हे सगळं तुम्ही आहात तोवर निभेल, पुढे मुलीच्या गळ्यात पडेल. शिवाय पाच लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेबत्तीस हजार व्याज येतं. त्यातलं बरंचसं कागदपत्रांच्या आणि सीएच्या खर्चातच जाईल.

त्यापेक्षा आधीपासून चाललेल्या संस्थेत मुलाच्या नावाने कायम ठेव ठेवा. शिष्यवृत्तीसाठी तालुक्यातलं महाविद्यालय, गरीब रुग्णांसाठी निधी चालवणारं रुग्णालय, वाचनालय, काहीही चालेल. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागायला संकोच करू नका. देणगी चेकने द्या आणि तोंडी शब्दावर सोडू नका. संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हवा. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज कशावर खर्चायचं, कुणाला द्यायचं, नाव कसं लिहायचं, दरवर्षी हिशेब कोणत्या महिन्यात कळवायचा, हे स्पष्ट लिहून घ्या. व्याजाचा दहावा भाग मुद्दलात मिळवत जावा, असंही लिहा. नाहीतर वीस वर्षांनी त्या शिष्यवृत्तीत एका मुलाच्या वह्याही यायच्या नाहीत. संस्था किंवा अभ्यासक्रम बंद पडला तर ठेव कुणाकडे जाईल, हे कलम तर हवंच. देणगीदार ते लिहायला विसरतात आणि पुढे पैसा कुठल्यातरी सर्वसाधारण निधीत मिसळून जातो.

करसवलतीवर फार विसंबू नका. ती जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच आणि मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीलाच मिळते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

जमिनीबाबत घाई नको. शेत वडिलोपार्जित असेल, तर लेकीचाही हक्क आहे. तिची संमती लेखी घ्या. दान नोंदणीकृत बक्षीसपत्रानेच होतं. शेतजमीन बिगरशेतकरी संस्थेला द्यायला कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि एकदा दिलेली जमीन मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. हायवेलगत जमिनीला आज काय भाव आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीतही चालते. तुम्ही टेबलं, दिवे आणि पुस्तकं द्या.

अपघाताच्या जागी स्मारक नको. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत परवानगीविना बांधकाम हे अतिक्रमण ठरतं, पाडलं जाऊ शकतं. बांधलेलं पाडलेलं बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

रोज काहीतरी हातून घडावं, ही तुमची इच्छा मला सगळ्यांत मोलाची वाटते. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा पंधरा वर्षांचा मुलगा १८८४ साली विषमज्वराने गेला, तेव्हा त्यांनी कॅलिफोर्नियात अख्खं विद्यापीठ उभारलं. रेल्वेतून कमावलेला अफाट पैसा त्यांच्याकडे होता. मुंबईत भाजी विकणाऱ्या दादाराव बिल्होरे यांच्याकडे तसं काहीच नव्हतं. त्यांचा सोळा वर्षांचा प्रकाश २०१५च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे गेला. तेव्हापासून ते दगड, खडी आणि राडारोडा आणून शहरातले खड्डे बुजवत आले. त्याला ना नोंदणी लागली, ना ठेव.

हायवेवर मात्र तुम्ही खड्डा बुजवायला उतरू नका, जिवावर बेतेल. खड्डा, बंद दिवा, तुटलेला दुभाजक दिसला की १०३३ वर तक्रार करा, तिचा क्रमांक वहीत लिहा आणि पाठपुरावा करा. दुसरं काम त्याहून मोठं आहे. अपघातानंतर पहिला तास फार महत्त्वाचा, आणि त्या तासात जखमीजवळ ढाबेवाला, पंक्चरवाला, चहावाला असतो. पोलिसांच्या धास्तीने लोक हात लावत नाहीत. त्यांना सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती नाही. गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला ‘राहवीर’ योजनेत २५ हजारांचं बक्षीस आहे. जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचाराची केंद्राची योजना २०२५ साली लागू झाली. हे सगळं एका पानावर छापून कापूरहोळपासून खेड-शिवापूरपर्यंतच्या दुकानांत लावता येईल. सोबत १०८ हा नंबर, एक घडीचं स्ट्रेचर, हातमोजे, पट्ट्या.

ठेवीतलं सगळं व्याज शिष्यवृत्तीकडे न वळवता काही भाग यासाठी ठेवता येईल, फक्त तसं करारात आधी लिहा. वर्षश्राद्धाला जेवणावळीऐवजी दुकानदारांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर ठेवायचं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना महिनाभर आधी पत्र द्या आणि पोच घ्या.