नर्सिंगला यायचं म्हणतेस

सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. बी.एस्सी. कशीबशी निघाली, दोन विषय बॅक राहून सुटले, टक्के पन्नासच्या आतच राहिले आणि आता नर्सिंगला जावं का, असं माझ्यासारख्या नर्सला विचारतेस. एम.एस्सी.ला कुणी घेणार नाही एवढ्याच कारणानं येत असशील, तर येऊ नकोस. आजारी माणसाजवळ थांबायला तुला मनापासून आवडत असेल, तर मात्र या टक्क्यांची भीती आजच सोडून दे.

प्रवेशाला पदवीचे मार्क धरतच नाहीत. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या वर्गाला ४५ टक्के, आणि वर राज्याची सीईटी. चार वर्षांचा कोर्स. जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा. त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण आणि इंग्रजीत ४० टक्के हवेत, वय १७ ते ३५. तुझी बारावी चांगली आहे, म्हणून मी बी.एस्सी. नर्सिंगच धर म्हणेन. सीईटीत नंबर नाही लागला तर जीएनएम कर. पुढे रजिस्ट्रेशन झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून नर्सिंगची पदवी घेता येते. तुझ्या आधीच्या पदवीमुळे एकही वर्ष कमी होणार नाही, पहिल्या वर्षालाच बसावं लागेल, अठरा वर्षांच्या पोरींबरोबर. याची लाज वाटणार असेल तर आत्ताच विचार करून घे.

आता खरं बोलू. मार्क का गेले, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मराठी शाळेतून येऊन एकदम इंग्रजी पुस्तकं हातात पडली म्हणून गेले असतील, तर ते भरून निघतं. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक रोज दोन पानं मोठ्यानं वाचत गेलीस तर सहा महिन्यांत जीभ वळेल. पण लेक्चरला न जाता परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचल्यामुळे गेले असतील, तर ती सवय इथं चालणार नाही. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि वॉर्डातली ड्युटी तर शंभर टक्के भरूनच द्यावी लागते, त्याशिवाय पदवी मिळत नाही. पासिंगही पस्तीसचं नाही, मुख्य विषयांना लेखीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के पडावे लागतात.

गणिताला घाबरतेस, तेही मला माहीत आहे. म्हणून एक हिशेब देते. ५०० मिलीची सलाईन ४ तासांत द्यायची आहे आणि सेट एका मिलीला २० थेंबांचा आहे. पाचशेला विसानं गुणायचं, २४० मिनिटांनी भागायचं, मिनिटाला ४२ थेंब येतात. मग घड्याळाचा काटा बघत थेंब मोजायचे आणि चाकी फिरवून तेवढेच ठेवायचे. तेवढ्यावर भागत नाही, पेशंटनं हात वाकवला की थेंब बदलतात, म्हणून थोड्या वेळानं परत जाऊन मोजायचे. हृदयाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या पेशंटला हीच बाटली भसाभस गेली तर त्याला धाप लागते. हा हिशेब चौथीच्या पोराला येईल, पण रात्री तीन वाजता, वॉर्ड भरलेला असताना, तो न चुकता करणारी बाई म्हणजे सिस्टर.

हिशेबाइतकीच सेवाही यावी लागते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथंच खाटेवर होत्या. २०११ पर्यंतच्या इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही, हे त्या वर्षीच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात नोंदलेलं आहे. याचा अर्थ मला विचार. कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुती काढायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. सिस्टरांच्या किती बॅचेस निवृत्त झाल्या, काम थांबलं नाही. माझ्या लेखी महाराष्ट्रातल्या नर्सिंगचं याहून मोठं काम नाही.

आणि आपल्या भागाकडे बघ. खारपाणपट्ट्यातल्या, जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या आपल्या तालुक्यात किडनीचे पेशंट घरोघरी माहीत आहेत, डायलिसिससाठी माणसं फेऱ्या मारतात. ज्या हातात डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सुई लावण्याआधी तिथं बोटं ठेवून थरथर लागते का ते बघायचं, हे नीट शिकलेली पोरगी इथं हवी आहे. वर सातपुड्यातल्या आदिवासी गावांतून बाळंतीण येते तेव्हा तिच्याशी धीरानं बोलणारीही हवी आहे. बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना आता उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून घेतात, म्हणजे गावाकडं राहूनही काम आहे.

कॉलेज मात्र डोळे उघडे ठेवून निवड. सरकारी मिळालं तर उत्तमच. खासगी घेणार असशील तर इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याचं नाव स्वतः बघ. बी.एस्सी. नर्सिंगच्या कॉलेजला शंभर खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं, तेव्हा आधी जाऊन ते हॉस्पिटल बघ. खाटा आहेत आणि पेशंट नाहीत, असं दिसलं तर माघारी ये. "हजेरीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त फी भरा," असं म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नकोस. पेशंटला हात न लावता सिस्टर झालेली मुलगी पेशंटच्या जिवाशी खेळते.

तुझे बाबा म्हणतील, पदवी घेऊन शेवटी नर्सच व्हायचं का, रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळ कोण देणार. त्यांच्याशी मी बोलते. माझी उभी नोकरी रात्रपाळीत गेली आणि त्याच पगारावर त्यांचं शिक्षण झालं, हे त्यांना आठवत असेल.

तू एवढं कर. बारावीची मूळ गुणपत्रिका, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी एका फायलीत लाव. नॉन क्रिमीलेयर जुनं झालं असेल तर तहसीलला अर्ज टाक, मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट करून घे. बायोलॉजीची बारावीची पुस्तकं विकली नसतील तर बाहेर काढ. आणि मार्क का गेले, ते मला खरं खरं लिहून पाठव.

तुझी,
आत्या