आठ रुपयांचे ऋण

रत्नागिरी जिल्ह्यात, आजच्या गुहागर तालुक्यात, कोतळूक नावाचे एक लहानसे गाव आहे. ९ मे १८६६ रोजी त्या गावी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. वरिष्ठ विधिमंडळात ज्यांच्या भाषणाकडे परके राज्यकर्तेही कान देऊन बसत आणि ज्यांना महात्मा गांधींनी आपले राजकीय गुरू मानले, ते नामदार गोखले ते हेच. त्यांच्या थोरवीचा पाया कोठे घातला गेला हे पाहावयाचे, तर त्यांच्या बाळपणाकडे वळले पाहिजे.

गोपाळचे वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. मिळकत बेताची, परंतु घर समाधानी होते. १८७९ साली कृष्णराव निवर्तले आणि या घरावर आकाश कोसळले. गोपाळ त्या वेळी अवघा तेरा वर्षांचा होता. वडील बंधू गोविंदराव हेही अजून शिकतच होते. आता दोघांनी शिकावयाचे, तर घर कोणी चालवावयाचे? गोविंदरावांनी कोणाजवळही तक्रार केली नाही. त्यांनी आपली पुस्तके मिटून ठेवली व दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला धाडीत. उरलेल्या सात रुपयांत सारे घर चाले.

मुलांनो, हे आठ रुपये गोपाळ कसे खर्च करीत असेल? त्या काळची एक आठवण सांगतात. एकदा एक मित्र त्याला नाटकास घेऊन गेला. गोपाळला वाटले, मित्राने आपल्याला आपुलकीने नेले. परंतु पुढे मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने चकार शब्द न काढता ते देऊन टाकले. मात्र ते दोन आणे भरून काढावयाचे कोठून? त्याने दिव्याच्या तेलाचा खर्च बंद केला आणि रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात अभ्यास चालविला. भावाच्या घामाचा एक पैसाही वाया जाता कामा नये, ही जाणीव त्या कोवळ्या वयातच त्याच्या मनात रुजली होती.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता त्याने नोकरी धरावी, असा विचार घरात निघाला. तेव्हा गोविंदरावांच्या पत्नीने दिराच्या पुढील शिक्षणासाठी आपले दागिने पुढे केले. दागिने हेच त्या काळी स्त्रीचे एकमेव धन असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या त्यागाचे मोल कळते. कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील महाविद्यालयांत शिकून गोपाळराव १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पदवीधर झाले.

त्यानंतर कसोटीचा प्रसंग आला. पदवीधर तरुणाला तेव्हा मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे, आणि वकिलीचा मार्गही मोकळा होता. परंतु पुण्यात टिळक, आगरकर आदी तरुणांनी अल्प वेतनावर राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेतले होते. गोपाळरावांचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. एका बाजूस भावाचे ऋण, दुसऱ्या बाजूस देशाचे! न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना वेतन मिळे ते ३५ रुपये. तरीही ते त्या संस्थेचे आजीव सभासद झाले, आणि गोविंदरावांनी आपल्या आशा बाजूस ठेवून त्यास संमती दिली. आपला त्याग त्यांनी कधी व्याजासह वसूल केला नाही.

पुण्यात गोपाळरावांना दोन थोर पुरुषांचा सहवास लाभला. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राचा इंग्रजी भाग लिहिताना त्यांनी निर्भीड विचार आत्मसात केला. न्यायमूर्ती रानडे यांनी तर त्यांना आपल्या हाताखाली घडविले. रानडे सरकारकडे पाठवावयाचे अर्ज त्यांच्याकडून तयार करून घेत. एकेका अर्जासाठी ढीगभर अहवाल चाळावे लागत. सरकार मात्र बहुधा दोन ओळींचे उत्तर पाठवी. “मग एवढे श्रम कशासाठी?” असे गोपाळरावांना वाटू लागले. रानड्यांनी समजाविले की, हे अर्ज नावाला सरकारसाठी असतात. खरे पाहता ते आपल्या लोकांसाठी असतात. सार्वजनिक प्रश्नांचा विचार कसा करावा, हे लोकांनी त्यांतून शिकावयाचे असते. फळ न दिसताही काम करीत राहण्याचा हा धडा गोपाळराव कधी विसरले नाहीत.

१९११ साली त्यांनी वरिष्ठ विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे हळूहळू सक्तीचे करावे आणि दहा रुपयांहून कमी मासिक प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी हे करून दाखविले आहे, हा दाखला त्यांच्याजवळ होता. तरीही १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. गोपाळराव खचले नाहीत. रानड्यांचा धडा त्यांना पाठ होता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. परंतु पेरलेले बी वाया गेले नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या शहरात गोपाळ रस्त्याच्या कंदिलाखाली बसला होता, तेच हे शहर. पुढे स्वतंत्र भारताने २००९ साली कायदा करून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

गोविंदरावांचे आठ रुपये एका गोपाळपुरते होते. गोपाळरावांनी ते ऋण फेडण्यासाठी देशातील प्रत्येक मुलाला शाळेचे दार उघडावे म्हणून झटण्याचे ठरविले. ऋण फेडण्याची याहून उदात्त रीत कोणती असणार?

स्वाध्याय

१. दोन आण्यांची भरपाई गोपाळने कशी केली? त्यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?
२. ‘फळ न दिसताही काम करीत राहणे’ हा धडा गोखल्यांच्या उपयोगी कसा पडला?
३. तुमच्या शिक्षणासाठी घरातील कोण कोणते कष्ट सोसते, ते दहा ओळींत लिहा.